दार नेमकं कुणासाठी? आत येणाऱ्यासाठी की बाहेर पडणाऱ्यासाठी?

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही मंगल कार्यालयात, सांस्कृतिक भवनात नाहीतर समाजमंदिरात जा, एक गोष्ट हमखास दिसेल. पुढच्या दाराला कमान, तोरण, गुलाबपाणी शिंपडायला उभी असलेली पोरं. मागच्या नाहीतर बाजूच्या दाराला मात्र कुलूप. त्या दारापुढं खुर्च्यांची चळत, गाद्यांचा ढीग, मांडववाल्याचे बांबू, कधी आचाऱ्याचे गॅस सिलिंडर. किल्ली कुठंय विचारलं तर "मॅनेजरकडं". मॅनेजर कुठंयत विचारलं तर "आत्ताच जेवायला गेलेत".

यात कुणाचा वाईट हेतू नसतो. चोरी होऊ नये, बिनबोलावलेली माणसं पंगतीला बसू नयेत, कुत्री आत शिरू नयेत म्हणून कुलूप लागतं. मी शाळेत इतिहास शिकवतो. मोठ्या आगींचा इतिहास वाचत गेलो तेव्हा हे परत परत दिसलं, की दार बंद असण्यामागं बहुतेक वेळा असंच साधं, कुणालाही पटेल असं कारण होतं. म्हणून हा विषय लिहायला घेतला.

सुरुवात आपल्याच दारांपासून करू.

आपण दार बांधायला शिकलो ते माणूस अडवायला. प्रतापगड १६५६ सालचा. तिथं काय किंवा आपल्या भागातल्या दुसऱ्या गडांवर काय, दार समोरून सरळ दिसतच नाही. बुरुजांच्या आड, वळणावर. हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये, शत्रू अरुंद जागेत अडकावा आणि वरून त्याच्यावर मारा करता यावा, ही त्यामागची अक्कल. वाड्यांचंही तसंच. मोठा दरवाजा कायम बंद, आणि त्यात एक दिंडी. दिंडीतून आत यायचं तर वाकायचं, उंच उंबरठा ओलांडायचा, आणि एका वेळी एकानंच यायचं. आतून लाकडी अडसर. दार आत उघडणारं असेल तरच हा अडसर काम करतो. बाहेरून जितकं ढकलाल तितकं दार अडसरावर घट्ट बसतं.

संरक्षणासाठी बघितलं तर याच्यापेक्षा चांगली रचना नाही. फक्त तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलीय: संकट बाहेरून येणार. पुण्याचा शनिवारवाडा बघा. दिल्ली दरवाजाला हत्ती रोखायला लांबलांब अणकुचीदार खिळे. २७ फेब्रुवारी १८२८ ला वाड्याला आग लागली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. आतला लाकडी वाडा गेला. दरवाजा आणि तट मात्र आजही उभे आहेत.

अशी दारं घराला, गडाला ठीक होती. पण १९ व्या शतकात एक नवीन गोष्ट आली, ती म्हणजे एका छपराखाली तिकीट काढून बसलेली शेकडो अनोळखी माणसं. मराठीपुरतं बोलायचं तर तिची सुरुवात आपल्या सांगलीतलीच. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीकर संस्थानिकांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' केलं. पहिला खेळ दरबारी मंडळींपुढं झाला, पण दहा वर्षांत भाव्यांची मंडळी मुंबईच्या ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ करत होती. उजेड तेव्हा उघड्या ज्योतीचा, पडदे कापडाचे, रंगमंच लाकडाचा. माणसं बसवायची कला आपण पटापट शिकलो. तीच माणसं दोन मिनिटांत बाहेर कशी काढायची, हा प्रश्न जगात कुणीच नीट विचारला नव्हता.

त्याची उत्तरं मग माणसं मरून मिळाली.

१६ जून १८८३. इंग्लंडमधलं संडरलँड, व्हिक्टोरिया हॉल. मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. शेवटी जाहीर झालं, की ठराविक नंबरच्या तिकिटांवर बक्षीस मिळणार. वरच्या गॅलरीतली पोरं जिन्यानं खाली धावली. जिन्याच्या तळाशी दार होतं, ते आत उघडणारं. तिकिटं बघायला सोपं जावं म्हणून एका वेळी एकच पोरगं जाईल एवढी फट ठेवून दाराला खिटी घातलेली. मागून ढकलत आलेल्या गर्दीत पुढची पोरं दाबली गेली. १८३ मुलं मेली, वयं ३ ते १४. आग नव्हती, धूर नव्हता. नुसतं दार. वाड्याचा अडसर बाहेरच्या शत्रूला जसं अडवायचा, अगदी तसंच या दारानं आतल्या लेकरांना अडवलं. त्यानंतर इंग्लंडमध्ये बाहेर उघडणाऱ्या दारांचा आग्रह सुरू झाला आणि १८९२ साली रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी आतून आडव्या दांडीवर जोर दिला की उघडणाऱ्या कडीचं पेटंट घेतलं.

३० डिसेंबर १९०३. शिकागोचं इरोक्वॉय थिएटर. जेमतेम पाच-सहा आठवड्यांपूर्वी उघडलेलं, जाहिरातीत 'संपूर्ण अग्निरोधक' म्हणवलेलं. नाताळच्या सुट्टीतला दुपारचा खेळ, बायका-मुलांनी भरलेला. रंगमंचावरच्या दिव्यानं पडदा पेटला. बाहेर पडायची काही दारं पडद्यांच्या मागं झाकलेली, काहींना अशा कड्या की त्या कशा उघडायच्या हेच लोकांना कळेना. वरच्या मजल्यांच्या जिन्यांवर जाळीची दारं कुलूपबंद होती. का? तर स्वस्त तिकिटवाल्यांनी खाली महागड्या खुर्च्यांवर येऊन बसू नये म्हणून. ६०२ माणसं गेली. इमारतीचा सांगाडा मात्र फारसा बिघडला नाही, पुढच्याच वर्षी ती दुसऱ्या नावानं परत चालू झाली. म्हणजे 'अग्निरोधक' हे एका अर्थी खरंच होतं. भिंती वाचल्या.

त्या खेळाला कार्ल प्रिन्झलर नावाचा इंडियानापोलिसचा एक हार्डवेअर विक्रेता जाणार होता, ऐनवेळी कामामुळं राहिला. त्यानं एका वास्तुरचनाकाराला हाताशी धरून १९०८ पर्यंत बाजारात चालेल असा 'पॅनिक बार' आणला. मॉलमध्ये, विमानतळावर दाराला आतून कमरेच्या उंचीवर आडवी दांडी असते ना, तीच ही. तिची खरी गंमत इथं आहे: बाहेरून दार कुलूपबंदच राहतं, आतून मात्र नुसता अंगाचा रेटा दिला तरी उघडतं. म्हणजे चोरी नको, फुकटे नकोत ही मालकाची गरजही भागली आणि जीवही वाचला. मागच्या दाराला कुलूप लावणाऱ्या आपल्या प्रत्येक मॅनेजरच्या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांहून जास्त काळ बाजारात मिळतंय.

आपल्या देशात कायदा तसा लवकर आला. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात परवाना देण्याआधी प्रेक्षकांच्या सुरक्षेची पुरेशी काळजी घेतलीय याची खात्री करायची अट होती. आपल्याला त्या कायद्यातलं सेन्सॉर तेवढं लक्षात राहिलं, दाराची अट विसरली.

विसरण्याची किंमत मोजत गेलो. २३ डिसेंबर १९९५, हरियाणातलं डबवाली. एका मंगल कार्यालयात शाळेचं बक्षीस वितरण, वर कृत्रिम कापडाचा मांडव, बाहेर पडायला एकच मुख्य दार. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुसंख्य मुलं. १३ जून १९९७, दिल्लीचं उपहार सिनेमागृह. तळमजल्यावरच्या पार्किंगमधला ट्रान्सफॉर्मर पेटला आणि धूर वर बाल्कनीत चढला. बाल्कनीतून बाहेर पडायची एक वाट बंद करून तिथं जादा खुर्च्या टाकल्या होत्या. ५९ जण गेले, ते जळून नव्हे तर गुदमरून. १६ जुलै २००४, तमिळनाडूतलं कुंभकोणम, अरुंद जिन्याची शाळा, ९४ लेकरं. २४ मे २०१९, सुरतेतला कोचिंग क्लास, खाली यायचा जिनाच पेटलेला, २२ विद्यार्थी.

आणि आपलं स्वतःचं. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा, वाई तालुक्यातलं मांढरदेव. काळूबाईची जत्रा. डोंगरावरची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या. माणसं घसरली, त्यांच्यावर माणसं पडली, मग दुकानं पेटली, सिलिंडर फुटले. जवळजवळ तीनशे जीव गेले. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. मांढरदेवला चार भिंती नव्हत्या, दार नव्हतं, हे खरं. पण यायची वाट तीच जायची वाट, आणि त्या वाटेवर दुकानं. आपल्या कार्यालयातल्या बाजूच्या दाराची गोष्ट याहून वेगळी कुठंय?

शेजारच्या कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह तर कालपरवाचं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं हे पॅलेस थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती. सांगली-साताऱ्याचे नाटकवाले हळहळले. जीवितहानी झाली नाही. पण तेव्हा आत हाउसफुल्ल प्रयोग असता तर, हा विचार मनात आला नाही असा एकही रंगकर्मी नसेल.

आता मूळ मुद्दा. फायर डोअर म्हणजे नेमकं काय?

बरेच जण बाहेर पडायच्या कुठल्याही दाराला फायर डोअर म्हणतात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, बाहेर नेणारं आपत्कालीन दार. ते चटकन उघडलं पाहिजे. दुसरं, आगरोधक दार. ते जिन्यावर, स्वयंपाकघर आणि हॉलच्या मध्ये, वीजमीटरच्या खोलीला, तळघराच्या तोंडाशी असतं. त्याचं काम आग आणि धूर ठराविक वेळ अडवून धरणं. आपल्याकडच्या नियमांत १२० मिनिटं हा आकडा नेहमी येतो. आत भरीव आगरोधक साहित्य, कडेनं उष्णतेनं फुगून फट बुजवणारी पट्टी, वर आपोआप बंद करणारा डोअर क्लोजर. आगीत माणसं बहुतेक वेळा ज्वाळेच्या आधी धुरानं जातात. उपहारच्या बाल्कनीखालच्या जिन्यावर धूर अडवणारी दारं असती तर वरच्या माणसांना काही मिनिटं जास्त मिळाली असती.

पण हे दार जड असतं. वर क्लोजरचा जोर. पासष्ट वर्षांची संधिवाताची बाई, काखेत लेकरू घेतलेली आई, कुबडीवरचा माणूस, व्हीलचेअरवरचा मुलगा, यांना ते उघडत नाही. मग काय होतं? कुणीतरी दयाळू माणूस दाराला वीट लावून ठेवतो. नाहीतर खुर्ची अडकवतो, नाहीतर क्लोजरच काढून टाकतो. दार दिवसभर सताड उघडं. आणि उघडं आगरोधक दार म्हणजे भिंतीतलं भोक, धूर सरळ आत.

म्हणून माझं म्हणणं असं, की 'दार सुरक्षित करा' आणि 'दार सगळ्यांना वापरता येईल असं करा' या दोन मागण्या वेगळ्या नाहीतच. हॉलमधल्या सगळ्यात अशक्त माणसाला जे दार उघडत नाही, ते दार धडधाकट माणसालाही वाचवत नाही. कारण एकतर ते विटेनं उघडं ठेवलेलं असणार, नाहीतर त्याच्यापुढं अडकलेल्या माणसामागं सगळी रांग थांबणार.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये हेच झालं. १४ जून २०१७, ७२ मृत्यू. आगीच्या भडक्याला बाहेरचं ज्वालाग्राही आवरण कारण होतं, पण चौकशीत दारांचाही हिशोब निघाला. अनेक फ्लॅटची दारं आग अडवायला कमी पडली, कित्येक दारांचे क्लोजर नव्हते किंवा बिघडलेले होते. आणि तिथं राहणाऱ्या ३७ अपंग रहिवाशांपैकी १५ जण गेले. त्यांना बाहेर कसं काढायचं याची योजनाच नव्हती. इंग्लंडमध्ये आता ११ मीटरहून उंच रहिवासी इमारतींत सामायिक जागेतली आगरोधक दारं दर तीन महिन्यांनी तपासावी लागतात.

आपल्या देशात याचं सगळ्यात भीषण उदाहरण म्हणजे एरवाडी, तमिळनाडू, ६ ऑगस्ट २००१. मनोरुग्णांना साखळदंडानं बांधून ठेवलेलं. आग लागली, २८ जण जागच्या जागी जळाले. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ११ रुग्ण. ज्याला स्वतःच्या पायानं दारापर्यंत जाता येत नाही, त्याचा जीव दुसरा कुणी येईपर्यंत मिळालेल्या वेळावर टांगलेला असतो. तो वेळ धूर अडवणारं दार विकत देतं.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही लंडन-शिकागोचं सांगताय, आमच्या गावात पन्नास खुर्च्यांचा हॉल. बरोबर. पण आपल्या हॉलांचा उपयोग काय काय होतो ते बघा. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा-वारणेला पूर आला तेव्हा सांगली, मिरज, पलूस, वाळवा इथली माणसं कुठं राहिली? शाळांत, कार्यालयांत, समाजमंदिरांत. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर-मिरगावात दरडी कोसळल्या, त्यातून वाचलेली माणसं शाळांत आणली गेली. म्हणजे ज्या दिवशी गावातली सगळी म्हातारी, आजारी, बाळंतीण, अपंग माणसं एका छपराखाली झोपतात, त्या दिवशी ते छप्पर याच सभागृहाचं असतं. तिथंच स्टोव्ह पेटतो, तिथंच एका बोर्डावर वीस मोबाईल चार्ज होतात. आणि रात्री सुरक्षेसाठी शटर ओढून घेतलेलं असतं.

आमच्या गावच्या नव्या बहुउद्देशीय सभागृहाचा नकाशा मध्यंतरी बघायला मिळाला. पुढं मोठं रोलिंग शटर, मागं अडीच फुटी लोखंडी दार, ते आत उघडणारं, त्याला चार पायऱ्या. रॅम्प पुढच्या बाजूला दाखवलाय, पण तो शटरपाशी संपतो. ज्यांनी काढला त्यांना दोष देत नाही. वर्षानुवर्षं असेच नकाशे निघतात, तोच कागद पुढं सरकतो. पण शटर हे दार नव्हे. आतून गर्दीचा रेटा बसला की ते खाचेत अडकतं. आणि ते वर उचलायचं काम व्हीलचेअरवरच्या माणसाला कधीच जमणार नाही. ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. ज्यांना येता येईल त्यांनी या.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. त्यात इमारतीचा मालक किंवा ताबा असलेला माणूस जबाबदार धरलाय. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचं असतं. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या भाग ४ मध्ये बाहेर पडायच्या दाराची रुंदी किमान १ मीटर, आणि जिथं जमाव जमतो अशा इमारतींत २ मीटर सांगितलीय. दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे आणि आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, हेही त्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ प्रमाणे आपत्तीत अपंग व्यक्तीला इतरांइतकंच संरक्षण मिळायला हवं. याच कायद्यानं सार्वजनिक इमारती सुगम करायला, नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम २०१७ चे. मुदत २०२२ लाच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगमतेचे निकष नुसते सल्ल्यासारखे ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग व्यक्ती सुमारे २९.६ लाख. त्यात गुडघे दुखणारी म्हातारी माणसं, गरोदर बायका, पाय मोडलेले तरुण धरलेले नाहीत. त्यांनाही दार उघडायचंच असतं.

खर्चाचं भूत उगाच उभं करतात. बहुतेक गोष्टी फुकट नाहीतर थोडक्यात होण्यासारख्या आहेत. पुढच्या वेळी कार्यालय बुक कराल, गॅदरिंग ठरवाल, तेव्हा एवढं बघा:

१. बाहेर पडायची दारं किमान दोन, एकमेकांपासून लांब. दोन्ही शेजारी असली तर एकाच आगीत दोन्ही जातात.

२. कार्यक्रम चालू असताना एकाही दाराला कुलूप नको. चोरीची भीती असेल तर पॅनिक बार बसवा, बाहेरून बंद, आतून उघडं.

३. दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. बिजागरी बदलून फिरवता येतं, गावातला वेल्डर करून देईल. फक्त बाहेर उघडल्यावर ते जिन्यात किंवा वाटेत आडवं येत नाही ना, तेवढं बघा.

४. दारापुढं आणि दाराबाहेर काही ठेवायचं नाही. आतून मोकळं आणि बाहेर मोटरसायकलींची रांग, हे चित्र फार दिसतं.

५. उंबरठा १२ मिलिमीटरपेक्षा उंच नको. व्हीलचेअरला दाराची मोकळी जागा किमान ९०० मिलिमीटर हवी. आणि रॅम्प नुसता पुढच्या दाराला नको. आग पुढं लागली तर व्हीलचेअरवाल्यानं मागच्या पायऱ्या कशा उतरायच्या?

६. गोल मुठीऐवजी खाली दाबायची दांडीची मूठ, जमिनीपासून ९०० ते ११०० मिलिमीटरवर. कोपरानं, मनगटानंही उघडते.

७. जिन्याच्या, स्वयंपाकघराच्या आगरोधक दाराला वीट लावायची नाही. दार सतत उघडं ठेवायची गरज असेल तर चुंबकावर धरून ठेवणारी कडी मिळते. अलार्म वाजला किंवा वीज गेली की चुंबक सुटतो आणि दार आपलं आपण बंद होतं. म्हाताऱ्यांची सोयही झाली आणि धूरही अडला.

८. अलार्मला आवाजाबरोबर लुकलुकणारा दिवा हवा, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी. दाराचा रंग भिंतीपेक्षा ठळक वेगळा हवा, ज्याला कमी दिसतं त्याच्यासाठी. 'बाहेर' ही पाटी मराठीत हवी आणि वीज गेली तरी दिसायला हवी.

९. कार्यक्रम सुरू होण्याआधी माइकवरून एक मिनिट: "दारं इथं आणि इथं आहेत. ज्यांना मदत लागेल त्यांच्यासाठी अमुक अमुक दोघं जण उभे आहेत." पाहुण्यांच्या सत्काराला आपण अर्धा तास देतो, हे एक मिनिट जड नाही.

तळमजल्यावरच्या छोट्या हॉलला महागडी दोन तासांची आगरोधक दारं लागतीलच असं नाही. तिथं मोकळी, रुंद, बाहेर उघडणारी दारं मिळाली तरी बरंच काम झालं. वर मजला असेल, तळघर असेल, हॉलला लागून स्वयंपाकघर असेल तर मात्र आगरोधक दार टाळू नका. आणि सही-शिक्क्याचं दार घ्या, नुसता लाल रंग दिलेलं नको.

शेवटी एवढंच. संडरलँडचं दार तिकिटांसाठी अडवलेलं होतं, शिकागोचं स्वस्त तिकिटवाल्यांसाठी, उपहारची वाट जादा खुर्च्यांसाठी. प्रत्येक वेळी त्या दिवसापुरता थोडा फायदा होता आणि प्रत्येक वेळी 'आजवर काही झालं नाही' हेच कारण होतं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत येत्या मुहूर्तांना किती कार्यालयं भरतील, मोजता येणार नाही. तुमच्या माहितीतल्या कार्यालयाचं मागचं दार एकदा जाऊन बघा, उघडून बघा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला उघडायला सांगून बघा. उघडलं तर मालकाचं कौतुक करा, कमेंटमध्ये लिहा. नाही उघडलं तर नाव न घेता आधी मालकाला सांगा, नीट बोलून सांगा. बहुतेक जण ऐकतात.

नाहीच ऐकलं तर अर्ज कसा करायचा ते पुढच्या पोस्टमध्ये लिहितो.